घरच्या गव्हात पौष्टिक काय उतरतं? खत, पाणी, हवा यांचा हिशोब, इंदूरकडच्या नवशिक्या शेतकऱ्यांसाठी

सांवेर, देपालपूर, महू या बाजूला ज्यांची वडिलोपार्जित थोडीफार जमीन आहे, इतकी वर्षं बटाईवर दिलेली होती आणि आता रिटायर झाल्यावर स्वतः बघायची असं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या राजेंद्र नगर-सुदामा नगरात असे मराठी लोक बरेच निघतात. आणि पहिला प्रश्न ठरलेला: घरच्या पोळीसाठी हेल्दी गहू पिकवायचाय, केमिकल खत बंद केलं की झालं ना?

तेवढ्याने होत नाही. दाण्यात काय उतरणार ते सगळ्यात आधी वाण ठरवतं, मग त्या वर्षीची हवा आणि माती, आणि खताचा नंबर त्यानंतर लागतो. फक्त दोन गोष्टींवर खताचा हात जोरात चालतो, प्रोटीन आणि झिंक. म्हणून खर्च कुठे करायचा नि कुठे हात आखडायचा हे आधी समजून घ्या, नाहीतर पैसे भलतीकडेच जातात.

1. आधी ठरवा, दाण्यातलं नेमकं काय हवंय

गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, आत पांढरा पिठाचा भाग आणि एका टोकाला अंकुर. पोट भरतं ते पिठाच्या भागाने, पण ज्यांना हेल्दी कंपाउंड म्हणतात ती बहुतेक कोंड्यात आणि अंकुरात असतात. फेरुलिक ॲसिड हे गव्हातलं मुख्य अँटीऑक्सिडंट, ते कोंड्याच्या फायबरला घट्ट चिकटलेलं असतं आणि आतड्यातले बॅक्टेरिया ते हळूहळू सोडवतात. अल्किलरिसॉर्सिनॉल नावाचं एक आहे, ते फक्त बाहेरच्या थरात असतं, मैद्यात जवळजवळ नाहीच, म्हणून माणूस खरोखर पूर्ण गहू खातो की नाही हे तपासायला संशोधक रक्तात तेच शोधतात. व्हिटॅमिन ई अंकुरात जास्त. ल्युटिन म्हणजे तो पिवळा रंग. झिंक, लोह, मॅग्नेशियम हेही जास्त करून बाहेरच्याच थरांत. आणि त्यांच्याच शेजारी फायटिक ॲसिड बसलेलं असतं, जे झिंक नि लोह पकडून ठेवतं आणि शरीराला पुरतं मिळू देत नाही, त्याचं पुढे खताच्या भागात येईलच.

युरोपात 2005 ते 2010 हेल्थग्रेन नावाचा मोठा प्रकल्प झाला, त्यात तीच 26 वाणं हंगेरीत सलग तीन वर्षं आणि शिवाय इंग्लंड, फ्रान्स, पोलंडमध्ये लावून बघितली. फायबर, व्हिटॅमिन ई आणि स्टेरॉल यांचं प्रमाण बरंचसं वाणाप्रमाणे राहिलं, म्हणजे ते बियाण्यासोबतच विकत येतं. फिनॉलिक ॲसिड (फेरुलिक त्यातलंच) आणि फोलेट (एक बी व्हिटॅमिन) मात्र जागा नि वर्ष बदललं की खालीवर झाले. आता विचार करा, जी गोष्ट हवेप्रमाणे दरवर्षी बदलते तिची गॅरंटी देऊन कोणी तुम्हाला महागडं टॉनिक विकत असेल तर तो काय विकतोय?

अजून एक मेख आहे. दाणा बारीक, सुरकुतलेला राहिला की त्यात पिठाचा भाग कमी नि कोंड्याचा वाटा जास्त होतो, मग लॅबच्या रिपोर्टात किलोमागे अँटीऑक्सिडंट जास्त दिसतात. पीक मेलं तरी आकडा भारी! त्यामुळे नुसता टक्का बघू नका, दाणा किती भरला आणि एकरी किती निघालं तेही बघा.

2. वाण

इथे आपण नशीबवान आहोत. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदूरातच 1951 पासून आहे आणि एचआय नावाने सुरू होणारी सगळी वाणं तिथलीच. आपल्याकडचा मालवी, म्हणजे काठिया किंवा ड्युरम गहू, रंगाने पिवळसर असतो कारण त्यात ल्युटिन जास्त. त्यातलं पूसा तेजस (एचआय 8759) बघा, प्रोटीन 12 टक्क्यांच्या आसपास आणि झिंक-लोह दोन्ही 40 पीपीएमच्या (म्हणजे किलोमागे 40 मिलिग्रॅमच्या) वर सांगितलेलं आहे, साध्या गव्हात हे 30 च्या आसपास असतं. हिशोब करा: माणूस दिवसाला 300 ग्रॅम आटा खात असेल तर 30 पीपीएमवाल्या गव्हातून 9 मिलिग्रॅम झिंक आणि 40 वाल्यातून 12. बाकी काही न करता, नुसतं बियाणं बदलून.

पण घरात आधी विचारून घ्या. काठियाची पोळी कडक होते, त्याचा ग्लुटेन तेवढा ताणला जात नाही, त्यामुळे बाफले, लाडू, रवा, दलिया यांना तो एक नंबर, आणि रोजच्या डब्यातल्या पोळीला घरातून नाराजी. पोळीसाठी लोकवन, पूर्णा (एचआय 1544) किंवा शरबती. माझं मत विचाराल तर थोड्या जमिनीत काठिया नि थोड्या जमिनीत पोळीचा गहू लावा आणि दळताना मिसळा, अर्धा-अर्धा केला तरी पोळी मऊ राहते. शरबती म्हणून जो सी 306 मिळतो तो उंच वाढतो, त्याला युरिया जास्त झाला की वाऱ्याबरोबर सगळा आडवा, म्हणून तो कमी खतात नि कमी पाण्यातच शोभतो.

उंचीवरून आठवलं. इंग्लंडात रॉथमस्टेड इथे 1843 पासून एकाच शेतात गहू लावतायत आणि दरवर्षीचे नमुने जपून ठेवलेत. त्यांची तपासणी केली तर साधारण 1965 पर्यंत दाण्यातलं झिंक स्थिर, आणि बुटकी, जास्त उत्पन्नाची वाणं आल्यावर ते उतरत गेलं. मातीतलं झिंक काही कमी झालं नव्हतं. दाणे जास्त झाले, वाटणी पातळ झाली. म्हणजे एकरी उत्पन्नाचा रेकॉर्ड आणि पौष्टिकपणा हे दोन्ही एकदम मागायचे असतील तर झिंक वरून द्यावं लागणार, हे गृहीत धरूनच चाला.

3. माती तपासून घ्या, आणि बादली बघून घ्या

सोयाबीन निघालं की लगेच, पेरणीच्या आधी. कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, सॉइल हेल्थ कार्डची योजना 2015 पासून आहेच, त्यात झिंक नि सल्फरही येतं. नमुना कसा घ्यायचा हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो: शेतात आठ-दहा ठिकाणी फिरा, वरचा पालापाचोळा बाजूला करा, 15 सेंटीमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या एका भिंतीवरून वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाड चकती काढा. सगळ्या चकत्या प्लास्टिकच्या टबात एकत्र कालवा, ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती नको. आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली अजिबात वापरू नका, झिंक तपासायचंय आणि झिंकच्याच भांड्यात माती कालवायची म्हणजे रिपोर्ट गेलाच की. रिपोर्टात झिंक 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर जमीन कमी झिंकची समजायची.

4. पेरणी वेळेवर

भरपूर पाणी असेल तर 10 ते 25 नोव्हेंबर. यात फार बोलायचं नाही, उशीर झाला की दाणा भरायची वेळ गरमीत येते एवढं लक्षात ठेवा. दाणा भरताना पारा 30-32 च्या वर राहिला की भरायचे दिवसच कमी होतात, स्टार्च पुरता साठत नाही, दाणा हलका राहतो. प्रोटीनचा टक्का वाढलेला दिसतो पण ते मघाशी सांगितलेलंच गणित. शिवाय प्रोटीनची जातही बदलते, पीठ मळताना सैल पडतं. मार्च 2022 आठवतोय ना, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च होता तो, त्या वर्षी लेट पेरणीवाल्यांचा गहू कसा निघाला ते कोणालाही विचारा.

5. खत

इंदूरच्या गहू केंद्राची जुनी शिफारस आहे, वेळेवर पेरलेल्या पाण्याच्या गव्हाला हेक्टरी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पोटॅश 120:60:30 किलो, आणि मालवी गव्हाला 140:70:35. एकराच्या भाषेत साध्या गव्हाला नत्र 48 किलो, स्फुरद 24 किलो, पोटॅश 12 किलो. डीएपीच्या 50 किलोच्या एका कट्ट्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद येतं, म्हणजे स्फुरद एका कट्ट्यात संपलं. उरलं 39 किलो नत्र, त्याला युरियाचे 45 किलोवाले दोन कट्टे, तेही किंचित जास्तच होतात. बटाईवाले भैया म्हणतील, "साहब, दो कट्टा डीएपी तो डालना ही पड़ेगा." त्यांना चहा पाजा आणि एकच टाका.

का, ते सांगतो. स्फुरद गरजेपेक्षा जास्त झालं की मुळं झिंक कमी उचलतात, मुळांना मदत करणारी जी बुरशी असते ती पण सुस्तावते, आणि दाण्यात जास्तीचं स्फुरद साठतं ते फायटिक ॲसिडच्या रूपात. म्हणजे दाण्यात झिंक कमी आलं, आणि जे आलं त्याला पकडून ठेवणारं वाढलं. घरच्या गव्हाचं याहून मोठं नुकसान दुसरं कुठलं खत करत नाही, युरियासुद्धा. डीएपीवर इतकी गर्दी का असते मला कळत नाही, लायनी लावून घेतात आणि मग गरज नसताना ओततात.

युरियाबद्दल उलटंच ऐकलेलं असतं लोकांनी, की युरियाने गहू बेकार होतो. नत्र पुरेसं असलं तरच दाण्यात प्रोटीन बनतं, आणि झिंक नि लोह पानांतून दाण्यात येतं ते या प्रोटीनच्या सोबतीनेच. नत्राची उपासमार केलेल्या गव्हात झिंक पण कमी सापडतं. काठियात तर नत्र कमी पडलं की दाण्यावर पांढरे दुधी डाग येतात, व्यापारी ते बघून लगेच भाव पाडतो. मंडीत परखी पोत्यात खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतात ना, तेव्हा ते हेच बघत असतात, दाणा काचेसारखा चमकतोय की खडूसारखा दिसतोय. घरी बघायचं तर दाणा ब्लेडने आडवा कापा. आतून काचेसारखा, किंचित पारदर्शक दिसला तर प्रोटीन चांगलं. पांढरा पिठूळ दिसला तर पीक नत्रासाठी उपाशी राहिलंय किंवा पाणी उगाच जास्त झालंय.

पण हात सैल सोडलात तर दुसरं टोक. नत्र भरमसाट झालं की झाड आपली ताकद पानं नि प्रोटीनकडे लावतं आणि फिनॉलिक कंपाउंड कमी होण्याकडे कल असतो (प्रयोगांत निकाल सगळीकडे सारखे नाहीत, वाण नि हवेने बदलतात), शिवाय पीक लोळतं आणि रोग येतात. म्हणून मात्रा तीच ठेवा नि वाटून द्या: अर्धं नत्र पेरणीला, बाकीचं पहिल्या पाण्याला, म्हणजे 20-21 दिवसांनी. दाण्याचं प्रोटीनच वाढवायचं असेल तर त्यातलाच थोडा युरिया मागे ठेवून ओंबी निघताना 2 टक्क्यांची फवारणी. उशिरा दिलेलं नत्र उत्पन्नात कमी नि प्रोटीनमध्ये जास्त जातं.

सल्फर लोक विसरतात. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये सल्फर लागतंच, ते कमी पडलं नि नत्र भरपूर असलं की दाण्यात अस्पॅराजिन (एक अमिनो ॲसिड) साचतं, आणि असं पीठ जास्त आचेवर भाजलं की त्यातून ॲक्रिलामाइड (कॅन्सरचा संशय असलेलं रसायन) बनतं, जे कोणालाच नकोय. बाफल्याची काळी पडलेली बाजू आवडणाऱ्यांनी हे वाचून तोंड वाकडं करू नये. उपाय सोपा आहे, डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट. त्यात 16 टक्के स्फुरद आणि 11 टक्के सल्फर, एकरी तीन कट्टे टाकले की स्फुरदही पूर्ण आणि 16 किलो सल्फरही फुकटात. मग डीएपीतलं 9 किलो नत्र मिळत नाही, म्हणून युरिया एकूण 104 किलोच्या आसपास लागेल. कट्टे उचलायला जास्त, हीच काय ती कटकट. पोटॅशसाठी 20 किलो एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश), विषय संपला.

आता शेणखत-कंपोस्ट. इंदूरच्या माणसाने कंपोस्टला नावं ठेवायची म्हणजे कमालच, अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून इथेच, होळकरांच्या राज्यात संस्था उभी करून कंपोस्टची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. कंपोस्ट जरूर टाका, काळी माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, झिंक नि बाकीची सूक्ष्म द्रव्यं मुळांना मिळतात. पण नुसत्या कंपोस्टवरच्या गव्हात प्रोटीन बऱ्याचदा कमी येतं, कारण नत्र हळू सुटतं आणि गव्हाला ते ठराविक वेळेलाच हवं असतं. अँटीऑक्सिडंटमध्ये ऑरगॅनिक नि साध्या गव्हाचा फरक असला तरी छोटा असतो, वाण नि वर्ष यांच्या फरकात तो हरवून जातो. औषधांचे अंश नकोत म्हणून ऑरगॅनिक घेत असाल तर ते कारण पटण्यासारखं आहे. न्यूट्रिशन दुप्पट म्हणून दुप्पट भाव देत असाल तर नका देऊ.

6. झिंकची फवारणी, हे नक्की करा

रिपोर्टात झिंक कमी असेल तर पेरणीआधी हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट (21 टक्केवालं) जमिनीत, म्हणजे एकरी 10 किलो. डीएपीबरोबर एकत्र कालवून टाकू नका, दोघं मिळून न विरघळणारं फॉस्फेट बनतं आणि दोन्ही वाया. पण जमिनीतलं झिंक मुख्यतः उत्पन्न सांभाळतं. दाण्यात उतरवायचं असेल तर पानावर फवारावं लागतं, आणि ते वेळेवर: एकदा ओंबी निघताना, दुसऱ्यांदा दाण्यात दूध भरायला लागल्यावर. दाणा चिमटीत दाबला नि पांढरं दूध आलं की समजा वेळ झाली, पीठ यायला लागलं तर उशीर झाला.

प्रमाण 0.5 टक्के. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या अर्धा चुना, 37-38 ग्रॅम. चुना आदल्या रात्री वेगळ्या बादलीत भिजवा, सकाळी वरचं निवळ पाणी कापडातून गाळून घ्या, नाहीतर नोझल बंद पडतो आणि मग तोंडाने फुंकत बसायची वेळ येते, तसं तर मुळीच करू नका. चुन्याने पानं भाजत नाहीत. एकरी साधारण 200 लिटर पाणी, म्हणजे एका वेळी 1 किलो झिंक सल्फेट. फवारणी ऊन उतरल्यावर, चार-साडेचारनंतर, वारा नसताना. एकरी एवढ्याशा खर्चात दाण्यातलं झिंक चांगलं वाढतं, इतका सरळ फायदा दुसऱ्या कशाचाच नाही. लोहाचं तसं होत नाही, फवारलेलं लोह दाण्यात फारसं जात नाही, त्यासाठी वाण नि नत्र हाच रस्ता. सेलेनियम तर ज्या-त्या मातीवर अवलंबून, फिनलंडने 1984 पासून खतातच मिसळायला सुरुवात केली आणि अख्ख्या देशाच्या धान्यात ते वाढलं, पण ते जास्त झालं तर विषारी असतं, घरच्या घरी प्रयोग नकोत.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय त्याचाही दाण्यावर परिणाम होतो. 2014 साली आलेल्या अभ्यासात, या शतकाच्या मध्याला जितका वाढेल तितक्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गव्हात झिंक सुमारे 9 टक्के आणि प्रोटीन 6 टक्के कमी निघालं. आपल्या हातात नाही ते, पण फवारणी आहे.

7. पाणी

चार-पाच पाळ्या, साधारण 20-20 दिवसांनी. पहिली चुकवू नका. ओंबी फुलात असताना स्प्रिंकलर बंद, फूल झडतं नि दाण्याचं तोंड काळं पडायची भीती असते. दाणा रंग धरायला लागला की पाणी थांबवा, लोक "एक अजून" करत शेवटचं पाणी देतात आणि चमक घालवतात, काठियात दुधी डाग वाढतात. थोडा ताण बसला तर बिघडत नाही, उलट काही कंपाउंड वाढतात, पण दाणा भरताना जमीन फाटेपर्यंत ताण दिला तर गहू चिमणीच्या चाऱ्याचा होतो.

8. काढणी नि साठवण

पिकलं की उभं ठेवू नका. एक अवकाळी पाऊस पडला की दाणा आतल्या आत अंकुरायची तयारी करतो, स्टार्च तुटतो, पोळी चिकट होते. 12 टक्क्यांच्या खाली ओलावा येईपर्यंत वाळवा, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. कोठीत भरताना एरंडेल चोळायची आपली घरची पद्धत चांगलीच आहे. सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका, बंद खोलीत त्याचा गॅस माणसं मारतो.

9. चक्की

इतकं सगळं करून पीठ मैद्याच्या चाळणीने चाळलंत तर वरचे आठही मुद्दे कोंड्याबरोबर गाईला गेले. जाड चाळणी वापरा, किंवा चाळूच नका. पोळी रुक्ष वाटत असेल तर पीठ थोडं सैल मळून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, कोंडा पाणी पितो नि पोळी फुगते. फायटिक ॲसिड कमी करायचं तर आंबवणं सगळ्यात कामाचं, म्हणून कधी आंबवलेल्या पिठाचा पाव-भाकरी करून बघायला हरकत नाही, आणि जेवणात लिंबू असू द्या, लोह जास्त लागतं. पीठ दळलं की अंकुरातलं तेल हवेशी भिडतं, व्हिटॅमिन ई आणि ल्युटिन उडायला लागतं, उन्हाळ्यात तर खवट वासही येतो. त्यामुळे गहू वर्षाचा भरा पण दळण आठ-दहा दिवसांचंच टाका, आणि चक्कीवाल्याला सांगा की दगड फार घट्ट लावू नको, पीठ हाताला गरम लागलं नाही पाहिजे.